आटे-दुरुस्ती, मोटारसायकल एंजिनातील

मोटारसायकलीच्या एंजिनाच्या ओतीव भागांतील छिद्रांचे आटे झिजले, चिरडले किंवा सोलून निघाले असता ते छिद्र पुन्हा बोल्ट, स्टड (दोन्ही टोकांस आटे असलेला दांडा) अथवा स्पार्क प्लग योग्य ताणाने धरू शकेल असे करण्याच्या क्रियेस आटे-दुरुस्ती म्हणतात. अशा छिद्राचे ‘आटे गेले’ असे कारागीर म्हणतात. सिलिंडर, सिलिंडर माथा (हेड), भुजादंडाची पेटी (क्रँककेस) आणि तिची झाकणे हे भाग ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे ओतून केलेले असतात, तर त्यांना जोडणारे बोल्ट पोलादाचे असतात. जोडातील मऊ धातू प्रथम निकामी होतो. त्यामुळे अल्प किंमतीचा बोल्ट शाबूत राहतो आणि मौल्यवान ओतीव भाग खराब होतो. हा भाग टाकून न देता वापरात ठेवणे हा दुरुस्तीचा हेतू असतो. ती योग्य रीतीने केल्यास छिद्र मूळच्याइतकेच, पुष्कळदा मूळच्यापेक्षाही बळकट होते; चुकीच्या रीतीने केल्यास मात्र भाग कायमचा निकामी होतो.

आट्यांची रचना व भार : दंडगोलाकार पृष्ठभागावर मळसूत्राप्रमाणे कापलेल्या अखंड खाचेमुळे आटे तयार होतात. बोल्टावरील आट्यांना बाह्य आटे व छिद्रातील आट्यांना आंतर आटे म्हणतात. लगतच्या दोन शिखरांमधील अंतर हे आटेअंतर होय. मेट्रिक पद्धतीत आट्याच्या दोन बाजूंमधील कोन ६०° असतो. एंजिनाच्या झाकणांसाठी सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या ६ मिमी. व्यासाच्या बोल्टाचे आटेअंतर १ मिमी. असते आणि बोल्ट व छिद्र यांचे आटे एकमेकांत केवळ सु. अर्धा मिमी. खोल गुंतलेले असतात. सर्व भार या अर्ध्या मिलिमीटरवर पडतो.

बोल्ट आवळताना तो किंचित ताणला जातो व एखाद्या कडक स्प्रिंगेप्रमाणे दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. फिरविण्यासाठी लावलेल्या परिबलापैकी (बल व पान्याची लांबी यांच्या गुणाकारापैकी) सु. नऊ दशांश भाग बोल्टाच्या माथ्याखालील व आट्यांमधील घर्षणात खर्च होतो, उरलेल्या सु. एक दशांशाने ताण निर्माण होतो. तरीही ६ मिमी. बोल्टास १० न्यूटन-मीटर परिबल दिले असता त्यात सु. ८,३०० न्यूटन, म्हणजे सु. ८५० किग्रॅ. वजनाइतका ताण उत्पन्न होतो. हा ताण सर्व आट्यांवर सारखा वाटला जात नाही. पोलादी बोल्ट व पोलादी नट यांच्या जोडीत पहिला गुंतलेला आटा एकूण भाराचा सु. एक तृतीयांश भाग एकटाच वाहतो व पुढील आट्यांवरील भार झपाट्याने कमी होत जातो. म्हणून पहिला आटा कातरला गेला की भार दुसऱ्यावर येतो व एकामागून एक सर्व आटे निघतात.

मऊ धातूत पुरेसे बळ मिळण्यासाठी आट्यांची गुंतलेली लांबी अधिक ठेवावी लागते. पोलादात ती बोल्टाच्या व्यासाइतकी पुरते. ॲल्युमिनियमात ती व्यासाच्या दीडपट ते दुप्पट असावी लागते. जागेच्या व वजनाच्या काटकसरीमुळे मोटारसायकलीच्या एंजिनात ही मर्यादा कशीबशी पाळलेली असते. त्यामुळे एखाददुसरा आटा खराब झाला तरी जोडाचे बळ लक्षणीय रीतीने घटते.

आटे जाण्याची कारणे : अतिरिक्त परिबल हे सर्वांत सामान्य कारण आहे. ६ मिमी. बोल्टावर १५ सेंमी. लांबीच्या पान्याने १० किग्रॅ. वजनाइतके बल लावले, तर परिबल सु. १५ न्यूटन-मीटर, म्हणजे नेहमीच्या शिफारशीच्या दीडपट होते. एवढे बल हाताला फारसे जाणवतही नाही. आट्यांना तेल लागलेले असल्यास घर्षण घटते आणि तितक्याच परिबलाने ताण सु. एक तृतीयांशाने वाढू शकतो. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेले परिबल तेलकट आट्यांना लावणे धोक्याचे असते.

बोल्ट तिरका लागून तसाच पान्याने फिरविल्यास तो जुने आटे ओलांडून नवी वाकडी खाच पाडतो. छिद्रात वाळू, जुन्या गॅसकेटचे तुकडे किंवा गंज राहिल्यासही आटे खरवडले जातात. बंद तळाच्या छिद्रात तेल साचलेले असेल, तर बोल्ट आत जाताना दट्ट्याप्रमाणे त्यावर दाब देतो. तेलाला वाट न मिळाल्याने भोवतालचा ओतीव भाग तडकतो.

भिन्न मापपद्धतींची सरमिसळ हेही एक कारण आहे. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५° कोनाच्या प्रमाणित आट्यांची पद्धत मांडली. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६०° कोनाची पद्धत सुचविली. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने मेट्रिक आट्यांची मानके निश्चित केली. भारतात १९५५ पासून मद्रास येथे ब्रिटिश आराखड्यानुसार तयार होऊ लागलेल्या बुलेट मोटारसायकलींत इंची आटे होते, तर १९६० नंतरच्या दशकात म्हैसूर येथे चेकोस्लोव्हाक आराखड्यानुसार बनविलेल्या जावा मोटारसायकलींत मेट्रिक आटे होते. एकाच दुरुस्तिशाळेत दोन्ही कुळांचे बोल्ट एका डब्यात साठत गेले. ५/१६ इंच (७·९४ मिमी.) व्यासाचा, इंचास २२ आट्यांचा बोल्ट आणि ८ मिमी. व्यासाचा, १·२५ मिमी. आटेअंतराचा बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात. परंतु पहिल्याचे आटेअंतर सु. १·१५ मिमी. असते. तो दुसऱ्याच्या छिद्रात एकदोन वेढे सहज जातो, नंतर अडतो व जोर लावल्यास आटे चिरडतो. जुन्या वाहनांच्या बाबतीत आटेमापकाने (निरनिराळ्या आटेअंतरांचे दाते असलेल्या पट्ट्यांनी) माप पडताळणे म्हणूनच आवश्यक ठरते.

उष्णता व संक्षारण ही आणखी दोन कारणे होत. ॲल्युमिनियमाचे उष्णतेने होणारे प्रसरण पोलादाच्या सु. दुप्पट असते, त्यामुळे एंजिन तापले की ओतीव भाग बोल्टापेक्षा अधिक वाढतो व बोल्टावरील ताण वाढतो. ओलावा असताना पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यात विद्युत् रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजते व त्याच्या पांढऱ्या भुकटीने बोल्ट जाम होतो. तो जोराने काढताना आटे त्याच्याबरोबर निघून येतात. निष्कास नळीचे (सायलेन्सरच्या नळीचे) स्टड, स्पार्क प्लग आणि तेल काढण्याची गुडदी यांच्या बाबतीत असे वारंवार घडते.

तपासणी : आवळताना बोल्ट प्रथम जड जातो, नंतर प्रतिकार वाढण्याऐवजी एकाएकी कमी होतो, हे आटे सुटू लागल्याचे लक्षण आहे. या क्षणी थांबल्यास पुष्कळदा छिद्र वाचते. बोल्ट काढल्यावर त्याच्या खाचांत ॲल्युमिनियमाची चकाकणारी तार गुंडाळलेली आढळली, तर छिद्रातील आटे सोलून निघाले आहेत असे समजावे. छिद्र स्वच्छ करून प्रकाशात पाहिल्यास किती खोलीपर्यंत आटे शिल्लक आहेत हे दिसते. त्याच वेळी छिद्राभोवतालच्या भिंतीची जाडी, बारीक तडे आणि जवळून जाणारे तेलाचे वा पाण्याचे मार्ग तपासावे लागतात. कारण कोणती पद्धत वापरता येईल हे त्यांवरच अवलंबून असते.

दुरुस्तीच्या पद्धती : (१) आटे साफ करणे : केवळ सुरुवातीचे एकदोन आटे वाकले असतील किंवा खाचांत घाण बसली असेल, तर त्याच मापाचा टॅप (आंतर आटे पाडण्याचे हत्यार) हलक्या हाताने फिरवून ते सरळ करतात. यात धातू शक्य तितका कमी कापला जावा लागतो.

(२) लांब बोल्ट वापरणे : छिद्राच्या तळाकडील आटे चांगले असून मूळ बोल्ट तेथवर पोहोचत नसेल, तर थोडा लांब बोल्ट पुरतो. त्याचे टोक छिद्राच्या तळाला टेकणार नाही हे मोजून पाहावे लागते. अन्यथा बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण जोड सैलच राहतो.

(३) मोठ्या मापाचे आटे पाडणे : छिद्र मोठे करून ६ मिमी. ऐवजी ७ किंवा ८ मिमी. मापाचे आटे पाडतात. यासाठी जोडावयाच्या झाकणाचे छिद्रही मोठे करावे लागते. एकाच झाकणाला दोन मापांचे बोल्ट लागल्याने पुढच्या दुरुस्तीत घोटाळा होतो. जेथे स्टड वापरलेला असतो तेथे खालचे टोक मोठ्या व वरचे मूळ मापाचे असा पायरीचा स्टड लेथवर करून घेतात.

(४) तारेचे वेटोळे बसविणे : ही सर्वांत रूढ पद्धत असून तिचे वर्णन पुढे दिले आहे.

(५) बुश बसविणे : आतून व बाहेरून आटे असलेला पोलादाचा किंवा पितळेचा पोकळ दंडगोल (बुश) मोठ्या छिद्रात बसवितात. काही बुशांना वरच्या बाजूस कडे असते. काहींत खाली ठोकावयाच्या लहान पाचरी असतात, त्यामुळे बुश बोल्टाबरोबर फिरून बाहेर येत नाही. बुश भक्कम असतो. परंतु त्यासाठी वेटोळ्यापेक्षा बरेच मोठे छिद्र व भोवती जाड भिंत लागते.

(६) वितळजोडकामाने छिद्र भरणे : भिंत तडकली किंवा तुटली असल्यास छिद्र आरगॉन वायूच्या आवरणाखाली विद्युत् प्रज्योतीने ॲल्युमिनियम वितळवून भरतात, पृष्ठभाग सपाट करतात व नव्याने छिद्र पाडून आटे काढतात. तेल मुरलेल्या जुन्या ओतीव भागात जोड सच्छिद्र होण्याची व उष्णतेने भाग वाकण्याची भीती असते. त्यामुळे हे काम कुशल कारागिराकडेच सोपवावे लागते.

छिद्रात रासायनिक लुकण भरून त्यात आटे उठविण्याचीही पद्धत आहे. झाकणाच्या हलक्या बोल्टांसाठी ती तात्पुरती चालते. सिलिंडर माथा, स्पार्क प्लग किंवा तापणारा कोणताही भाग यांसाठी ती निरुपयोगी आहे.

तारेच्या वेटोळ्याची पद्धत : ही पद्धत अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात विकसित झाली व दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या भागांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ‘हेलिकॉइल’ या व्यापारी नावानेच ती सर्वत्र ओळखली जाते. शंकरपाळ्याच्या आकाराचा छेद असलेली अगंज पोलादाची तार स्प्रिंगेप्रमाणे गुंडाळून वेटोळे बनवितात. त्याची बाहेरची कड छिद्रातील मोठ्या आट्यांत बसते आणि आतील कडेमुळे मूळ मापाचे आटे तयार होतात. मोकळ्या स्थितीत वेटोळ्याचा व्यास छिद्रापेक्षा थोडा अधिक असतो. म्हणून बसविल्यावर ते फुगून छिद्राला घट्ट धरते.

या पद्धतीने बळ वाढते ते पुढील कारणाने. मूळ ६ मिमी. छिद्रात ॲल्युमिनियमाचे आटे सु. ६ मिमी. व्यासाच्या दंडगोलावर कातरले जातात. वेटोळ्यासाठी पाडलेल्या आट्यांचा बाह्य व्यास सु. ७·३ मिमी. असतो. तेवढ्याच खोलीत कातरला जाणारा पृष्ठभाग त्यामुळे सु. एक पंचमांशाने वाढतो. शिवाय तार किंचित लवचिक असल्याने ती भार अनेक आट्यांवर अधिक सारखा वाटते. वारंवार उघडाव्या लागणाऱ्या जोडांत बोल्ट मऊ धातूवर न घासता कठीण तारेवर घासतो, म्हणून झीजही कमी होते. याच गुणांमुळे विमानांच्या काही भागांत वेटोळी नव्या छिद्रांतच बसविलेली असतात.

वेटोळे बसविताना प्रथम खराब आटे गिरमिटाने काढून टाकतात. ६ मिमी. मापासाठी सु. ६·३ मिमी. व ८ मिमी. मापासाठी सु. ८·४ मिमी. व्यासाचे गिरमिट लागते; वेटोळ्यांच्या संचात दिलेले मापच अखेर प्रमाण मानतात. भाग सुटा करून उभ्या छिद्रण यंत्रावर पक्का धरल्यास छिद्र काटकोनात पडते. हाताने छिद्र पाडावयाचे असल्यास मार्गदर्शक ठोकळा वापरतात. गिरमिटावर खोलीची खूण करतात. बंद तळाच्या छिद्राचा तळ फुटल्यास तेल गळू लागते व लहान चूक मोठी होते. यानंतर वेटोळ्यासाठीचा खास टॅप वापरून आटे पाडतात. त्याच आटेअंतराचा नेहमीचा टॅप येथे चालत नाही. टॅपास रॉकेल किंवा हलके तेल लावून तो अर्धा वेढा पुढे व पाव वेढा मागे असा फिरवितात. त्यामुळे कीस तुटून बाहेर पडतो व टॅप अडकून मोडत नाही.

सर्व कीस काढून छिद्र धुऊन कोरडे करतात. वेटोळे बसविण्याच्या दांड्यावर चढवून, खालची आडवी जीभ दांड्याच्या खाचेत अडकवून, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवीत आत नेतात. या वेळी खाली दाब द्यावयाचा नसतो. दाबल्यास तारेचा वेढा आटा ओलांडून पुढच्या खाचेत जातो. वरचे टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा वेढा खाली ठेवतात. ते वर राहिल्यास झाकण नीट टेकत नाही. शेवटी आरपार छिद्रात जीभ ठोशाने तोडून बाहेर काढतात. वेटोळ्याची लांबी बोल्टाच्या व्यासाच्या पटीत मिळते. ॲल्युमिनियमात दीडपट ते दुप्पट लांबी निवडतात.

स्पार्क प्लगचे छिद्र : या दुरुस्तीत सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. नेहमीच्या प्लगाचा व्यास १४ मिमी. व आटेअंतर १·२५ मिमी. असते. छिद्राचे क्षेत्रफळ सु. १·५ चौ. सेंमी. भरते. ज्वलनाच्या वेळी सिलिंडरात वातावरणाच्या सु. ५० पट दाब निर्माण होतो असे धरल्यास प्लगावर दर स्फोटास सु. ७५ किग्रॅ. वजनाइतका धक्का बसतो. चार धावांच्या एंजिनात दर मिनिटास ६,००० फेरे होत असता असे ५० धक्के दर सेकंदास बसतात [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. अपुऱ्या आट्यांवर बसविलेला प्लग त्यामुळे उसळून बाहेर पडू शकतो व स्वाराच्या पायास इजा होऊ शकते.

सिलिंडर माथा सुटा करून दुरुस्ती करणे सर्वांत सुरक्षित असते. ते शक्य नसल्यास दट्ट्या खाली नेऊन टॅप त्याला लागणार नाही असे पाहतात. झडपा बंद ठेवतात आणि टॅपाच्या खाचांत घट्ट ग्रीज भरून कीस त्यात अडकवून घेतात. काही वेढ्यांनंतर टॅप काढून, पुसून पुन्हा ग्रीज भरतात. वेटोळ्याची तुटलेली जीभ सिलिंडरात पडल्यास सिलिंडराचा पृष्ठभाग ओरखडला जातो. म्हणून जीभ नसलेले वेटोळे किंवा बुश पसंत करतात. प्लगाच्या छिद्रापासून झडपेच्या बैठकीपर्यंतची भिंत अरुंद असल्यास मोठा बुश तिला तडा पाडतो. वेटोळ्याचा वा बुशाचा भाग ज्वलनकक्षात डोकावता कामा नये. तो तापून लाल झाल्यास मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटते.

मर्यादा व चाचणी : दुरुस्तीनंतर बोल्ट प्रथम बोटांनी पूर्ण खोलीपर्यंत जातो की नाही हे पाहतात. मग परिबल पान्याने (टॉर्क रेंचने) टप्प्याटप्प्याने शिफारस केलेले परिबल देतात. सिलिंडर माथ्याचे बोल्ट आडवेतिडवे क्रम धरून दोनतीन फेऱ्यांत आवळतात. परिबल पूर्ण झाल्यावर बोल्ट स्थिर राहिला, तर दुरुस्ती ग्राह्य धरतात. एंजिन तापवून व निवू देऊन गळती तपासतात.

तेल काढण्याच्या गुडदीच्या बाबतीत ही तपासणी विशेष महत्त्वाची आहे. धावत्या मोटारसायकलीची गुडदी पडल्यास तेल थेट मागील चाकाच्या टायरखाली सांडते आणि वाहन घसरते. शिवाय काही मिनिटांतच एंजिन तेलाविना जाम होते. येथे नुसता लांब धागा किंवा टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून गुडदी बसविणे ही दुरुस्ती नव्हे. त्याचप्रमाणे ब्रेकचा जबडा, चाकांचे आस आणि सुकाणूचे भाग यांची छिद्रे एंजिनाच्या झाकणाच्या मापाने तोलू नयेत. निर्मात्याने परवानगी दिली नसेल तेथे असे भाग बदलणेच योग्य ठरते.

प्रतिबंध : प्रत्येक बोल्ट प्रथम हाताने काही वेढे बसविला, तर तो तिरका लागत नाही. सुरुवातीस उलटे फिरवून बोल्ट एका आट्यावर हलकेच खाली बसल्याचा अनुभव घ्यावा व मग सुलटे फिरवावे, ही जुन्या कारागिरांची रीत यासाठी उपयुक्त आहे. स्पार्क प्लग एंजिन थंड झाल्यावरच काढतात. आट्यांना तेल वा ग्रीज लावावयाचे की नाही, हे निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार ठरवितात. गुडदीची चपटी कडी (वॉशर) दर वेळी नवी घातल्यास गळती थांबविण्यासाठी जादा आवळावे लागत नाही. बहुतेक आटे झिजून नव्हे, तर गळती अधिक आवळून थांबविण्याच्या प्रयत्नात जातात. आणि गळतीचे मूळ पुष्कळदा सैल बोल्टात नसून जुन्या गॅसकेटमध्ये असते.